हार्लनचे आखूड शर्ट

नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणानंतरच्या सोमवारी हरणांची शिकार सुरू होते. त्या दिवशी शाळा बंद ठेवायची का, यावर अमेरिकेतल्या केटल रन गावच्या शाळा मंडळात वाद पेटला होता. सभासद हार्लन स्टकी उठला.

"शाळा चालू ठेवा. शिक्षणाचा बुडालेला दिवस परत येत नाही."

नववीतच शाळेला रामराम ठोकलेल्या माणसाच्या तोंडून हे ऐकून सगळी सभा वळून त्याच्याकडे बघू लागली.

"ताप आलाय का तुला?" त्याचा मेहुणा ग्लेन म्हणाला.

ताप नव्हता, भीती होती. हार्लनची मुलगी जोडी हिला यंदा बारा वर्षं पूर्ण होऊन शिकारीचा परवाना मिळाला होता. सुट्टी मिळाली तर ती त्याच्याबरोबर शिकारीच्या खोपटात येणार होती. तिथला नियम जुना: ज्याचा नेम चुकेल त्याच्या शर्टाचा मागचा खालचा तुकडा कापायचा आणि त्यावर नाव लिहून भिंतीला ठोकायचा. भिंतीवर इतरांचे एकदोन तुकडे होते, बाकी भिंत हार्लनची होती. हार्लन स्वतःचं म्हणून घरी आणायचा ते हरीण ग्लेनने मारलेलं असायचं, आणि शर्ट म्हणे काटेरी तारेत फाटायचा. दर नाताळला जोडी बिचारी नवा द्यायची.

मतदानात शाळा चालू ठेवण्याच्या बाजूने एकच हात वर झाला, हार्लनचा.

रविवारी खोपटात पोचताच जोडी त्या भिंतीपुढे उभी राहिली. लाल चौकडी, हिरवी, निळी. हार्लनला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तारेत फाटले ना, बाबा?"

"तार धारदार होती गं."

"आणि तारेनेच तुझं नाव लिहिलं."

सोमवारी सकाळी शिंगवालं हरीण समोर आलं. हार्लनची गोळी झाडात घुसली. हरीण क्षणभर विचारात पडलं, तेवढ्यात जोडीने त्याला आडवं केलं. हार्लनचा ऊर भरून आला. आता गावभर बोभाटा होणार, हे त्याच्या नंतर लक्षात आलं.

"आईला सांगू, तू मारलंस म्हणून?" जोडीने विचारलं.

मोह फार झाला. "नको," तो शेवटी म्हणाला. "हरीण तुझं आहे."

खोपटात ग्लेन कात्री घेऊन तयारच होता. हार्लनने सवयीने पाठ वळवली.

"मामा, इकडे द्या. शर्ट मी दिलाय, मीच कापणार."

कात्री कंबरेवरून चढत थेट कॉलरपर्यंत गेली.

"अगं, एवढा?"

"नेम चुकल्याचा खालचाच," जोडी म्हणाली. "वरचा सभेतल्या भाषणाचा."