उंदराचा डावा कान

दोन वर्षं उंदरांच्या मागे घालवून मयुरीच्या हाती नेमकं उलटं उत्तर आलं. धुळ्याच्या प्रयोगशाळेत ती पीएचडी करत होती, आणि तिकडे पहूरला आई गावभर सांगून मोकळी झाली होती की पोरगी उंदरांची डॉक्टर होणार.

प्रश्न तसा सरळ होता. रोगाशी लढणाऱ्या बी पेशी हाडांच्या मज्जेत वाढतात, तेव्हा प्रत्येकीच्या अंगावर अँटिबॉडीसारखा रिसेप्टर असतो. त्याच्याकडून आत संदेश गेलाच नाही तर पेशी मरते. फारच जोराचा गेला, तर ती आपल्याच शरीराला चिकटते आहे असं समजून तिला सुधारलं किंवा बाद केलं जातं. बेताचा संदेश मिळालेली तेवढी मोठी होऊन प्लीहेत पोचते. मयुरीच्या निम्म्या उंदरांत हा संदेश मुद्दाम अशक्त केलेला होता. त्यांच्या प्लीहेत बी पेशी कमी सापडायला हव्या होत्या. त्या सापडल्या भरपूर, आणि कमी निघाल्या त्या धडधाकट उंदरांच्या.

सोमवारपर्यंत कारण सापडलं नाही तर विषय बदलू, असं तिचे मार्गदर्शक तौफिक सर म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळू बोलले.

तिचा सगळा संशय झुलालनानांवर. एरंडोलकडचा हा माणूस अर्धं आयुष्य बैलांमागे औत हाकून मग उंदीरघरात लागलेला. अशक्त संदेशाच्या उंदराच्या डाव्या कानाला आणि धडधाकटाच्या उजव्या कानाला चिमट्याने भोक पाडायचं काम त्यांचं. मयुरी शनिवारी सकाळी तणतणत गेली आणि तुम्ही कान उलटेच टोचले म्हणून नको ते बोलली.

नानांनी वाद घातला नाही. भोकवाला एक उंदीर पिंजऱ्यावर ठेवला, शेपटी धरून त्याच्या मागे उभे राहिले आणि म्हणाले, "हाऊ डावा कान शे."

मयुरीने तोच उंदीर नेहमीसारखा तोंड आपल्याकडे करून धरला. भोक तिच्या उजव्या हाताला होतं.

"बैलना डावा तो बैलना डावा," नाना म्हणाले. "मी मांगे उभा राहस. तू त्याले तोंडसमोर धरस."

मयुरीच्या अंगाला दरदरून घाम फुटला, आणि तो धुळ्याच्या उन्हाचा नव्हता. आधीचे उंदीर प्रयोगशाळेतली एक सीनियर मुलगी कान बघून वेगळे काढून द्यायची. या खेपेला कान तिने एकटीने वाचले होते. नशीब, प्रत्येकाच्या शेपटीचा तुकडा फ्रीजरमध्ये होता. तिने शनिवार-रविवार पुन्हा डीएनए तपासणी केली. एकूण एक उंदीर अदलाबदल झालेला निघाला. गटांची नावं जागेवर लावली, आणि अशक्त संदेशाच्या उंदरांच्या प्लीहेत तिला हव्या तशाच बी पेशी कमी दिसल्या.

सोमवारी सरांनी आकडे दोनदा बघितले, हसले आणि विषय कायम ठेवला. मयुरीला इतकं हलकं वाटलं की माफी मागायला ती जिना पळतच उतरली.

नाना उंदीरघराच्या पायरीवर बसले होते. डबा उघडलेलाच नव्हता. शनिवारी मयुरी काही न सांगता निघून गेल्यापासून दोन दिवस त्यांच्या घशाखाली घास उतरला नव्हता.

"माले वाटनं, मनाच हाते तुनं वाटोळं व्हयनं," ते म्हणाले.

मयुरी त्यांच्या शेजारी बसली. चूक माझी होती नाना, असं तिने सांगितलं, आणि त्यांच्या डब्यातली अर्धी भाकरी मोडून आधी त्यांच्या हातात दिली.