दोन एमएस

आईच्या जुन्या केसपेपरवर इंग्रजीत फक्त ‘एमएस’ लिहिलं होतं. मोबाइलवर शोधलं तर निघाला नसांचा आजार, हळूहळू चालणं बंद करणारा. मग मला सगळीकडे तोच दिसायला लागला. आईच्या हातून टोप निसटला, एमएस. काशीदच्या ज्या लॉजवर ती स्वयंपाक करते तिथला जिना चढताना मध्येच बसली, एमएस. बाबा ट्रक घेऊन गुजरातला. वक्तृत्वात तालुक्यात पहिली आले मी, आणि ही एक गोष्ट बोलायला घरात माणूस नाही.

शेवटी मीच तिला अलिबागला नेलं.

डॉक्टर नूतनमॅडमनी कागद वाचून बाजूला ठेवला. “एमएस दोन असतात, सोनलताई. एक नसांचा, एक हृदयाची झडप आकसते तो. यातला कुठला, ते तुमच्याकडूनच कळेल. मुंग्या येतात? अंधुक दिसतं? तोल जातो?”

“न्हाय,” आई म्हणाली.

“लहानपणी तापात सांधे सुजलेले?”

“व्हय. गुडघे. शाळाच सुटली तेव्हा.”

मॅडमनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. “झडपेचाच वाटतो. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढून खात्री करू.”

नसांचा नाही. मला तिथेच नाचावंसं वाटलं.

“आडवं झोपता येतं ना? येत असेल तर गोळ्या घ्या, महिन्याने दाखवा. नसेल तर आजच मुंबईला भरती.”

“मस्त झोपते की,” आई म्हणाली आणि टेबलाखाली माझा हात दाबला.

का दाबला ते मला कळलं. मुंबईत तिच्याजवळ सुजितमामा थांबेल, पण माझी दहावीची परीक्षा सोमवारपासून, मी घरी एकटी राहीन. गप्प बसले असते तर दोघी संध्याकाळच्या एसटीने घरी.

“नाही झोपत, मॅडम. भिंतीला टेकून बसते रात्रभर. आडवी झाली की दम लागतो.”

“भाषण नको देऊ गं.”

“मी शेजारीच असते तिच्या.”

मॅडमनी अ‍ॅम्ब्युलन्ससाठी फोन उचलला.

बाहेर बाकावर आई माझ्याकडे पाठ करून बसली. पदर सारखा नीट करत राहिली. गाडी दाराशी लागली तेव्हा म्हणाली, “आता तुझ्याजवळ कोण, रुचे?”

“मी हाय की,” मी म्हणाले.