प्रेमसिंगची पदवी

आमच्या प्राचार्य कोंडावार सरांना दोन गोष्टींचा भारी सोस होता. एक काळा झगा आणि दुसरा मोठा पाहुणा. चौसष्ट सालच्या मार्चमध्ये त्यांना दोन्ही एकदम लाभले. कॉलेजच्या पदवीदानाला खुद्द कुलगुरू येणार होते आणि जर्मनीहून डॉ. हेडविग नावाच्या बाई आधीच येऊन पोचल्या होत्या. पांढरकवड्याच्या शिंप्याने आठवडाभर दुसरं काही शिवलं नाही. तयार झगे दोरीवर टांगलेले पाहून आमचा शिपाई उकंडा म्हणाला, "सर, पोळा तं लंबा हाय अजून. ह्या झुली कोण्या बैलायच्या?"

सर हसले नाहीत. मला मात्र हसू आलं आणि लगेच स्वतःचाच राग आला, कारण तो सगळा थाट एका मेलेल्या मुलासाठी होता.

प्रेमसिंग माझ्या वर्गातला. तीन कोसांवरच्या बंजारा तांड्यातून कॉलेजात आलेला पहिला मुलगा. मी नेरची. माझे वडील बळीराम यांनी छप्पन साली दीक्षा घेतली आणि घरातले देव, अंगारे-धुपारे, भुतंखेतं सगळी एका दिवसात बाहेर काढली. आम्ही दोघं एकाच बाकावर बसायचो, कारण बाकीच्या बाकांवर जागा असूनही आमच्यासाठी नसायची. मला तो आवडायचा. आज हे लिहायला काही लागत नाही, तेव्हा बोलायला फार लागलं असतं. पुढे त्याला जमिनीचा अभ्यास करायला जर्मनीची शिष्यवृत्ती मिळाली आणि मी एम.ए.ला नागपूरला गेले.

तो या जानेवारीत तिकडेच वारला. तिथल्या विद्यापीठाने त्याला मरणोत्तर पदवी द्यायचं ठरवलं. शिवाय त्याच्या नावाने दरवर्षी आमच्या कॉलेजची दोन मुलं तिकडे न्यायची, इथे माती तपासायची प्रयोगशाळा उभारायची, असा करारही होणार होता. पदवी त्याच्या आईने, मोतीबाईने, आमच्या समारंभात स्वीकारायची. हे सगळं मला सरांच्या पत्रातून कळलं. "इंग्रजी आणि त्यांची बोली दोन्ही थोडी थोडी जाणणारी तूच आहेस. दुभाषी म्हणून ये," असं त्यांनी लिहिलं होतं. ते पत्र वाचून मी हॉस्टेलच्या न्हाणीघरात नळ सोडून रडले. मग गाडी पकडली.

आदल्या संध्याकाळी डाक बंगल्यावर हेडविगबाईंनी मला सगळं सांगितलं. प्रेमसिंग त्यांच्या विद्यापीठाच्या शेतावर काम करत होता. दुपारी जेवायला म्हणून निघाला आणि बर्फाच्या वादळात सापडला. वाट चुकली. दुसऱ्या दिवशी तो कुंपणाला टेकून बसलेला सापडला. डोक्यावर, खांद्यांवर बर्फाचा थर होता. बाईंचा चेहरा सांगताना ओढल्यासारखा झाला होता. त्या एवढंच म्हणाल्या, "त्याच्या आईबरोबर मी रडून घेतलं. तेवढं तरी बरं झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरांच्या खोलीत गेले. ते आरशासमोर झग्याच्या चुण्या बसवत होते. मी विचारलं, "सर, याडीला कोणी सांगितलं?" बंजाऱ्यांत आईला याडी म्हणतात. प्रेमसिंगच्या आईला मीही तेच म्हणायची.

"अगं, सांगायची वेळच आली नाही," सर म्हणाले. "मागच्या आठवड्यात मी हेडविगबाईंना घेऊन तांड्यावर गेलो. कसं सांगावं, कुठून सुरुवात करावी, याचाच वाटभर विचार करत होतो. पण जीप थांबते न थांबते तोच ती माउली बाईंच्या गळ्यात पडली आणि तिने जो टाहो फोडला! सुरात, त्यांच्या बोलीत, अगदी ओव्या म्हणाव्या तसा. ऐकून आमचेही डोळे भरून आले. बातमी आधीच पोचली असणार."

"पण पोचवली कोणी?"

"कोणीतरी पोचवलीच असेल ना. एवढा मोठा तालुका आहे."

हे 'कोणीतरी' मला ओळखीचं होतं. गावात ज्याला त्याला वाटतं की सांगणारा दुसरा कोणीतरी आहे. वाईट बातमी घेऊन जायला कोणाचेच पाय उचलत नाहीत, आणि कोणी गेलं नाही हे मात्र कोणाला कळत नाही. मी सरांना तसं बोलणार होते, पण मंडपवाला आत आला आणि सर खुर्च्यांच्या रांगांबद्दल त्याच्यावर ओरडू लागले. मी बाहेर फाटकाशी जाऊन उभी राहिले.

मोतीबाईची बंडी आली. बैल तिचा दीर हिरासिंग हाकत होता. ती उतरली. विधवा बाई, दंडातल्या बांगड्या केव्हाच उतरलेल्या, पण अंगावर कोरी करकरीत आरशांची फेटिया, म्हणजे बंजारा घागरा, होती. केस तेल लावून चोपून बसवलेले. तिने मला ओळखलं, धावत आली, माझ्या गळ्यात हात टाकले आणि रडू लागली.

तिचं रडणं मला ठाऊक होतं. पहिल्या वर्षाला प्रेमसिंगने मला तांड्यावर जेवायला नेलं तेव्हाही ती अशीच गळ्यात पडून रडली होती. कोण मेलं म्हणून मी घाबरले, तर प्रेमसिंग हसून म्हणाला होता, "कोणी नाई मेलं. पाहुणी आली ना, म्हणून." त्यांच्या बायका लांबून आलेल्या माणसाला अशाच भेटतात. मधल्या काळात जे जे घडलं ते रडत रडत, सुरात सांगून टाकतात. कोण जन्मलं, कोण गेलं, सगळं त्यात येतं. आमची भेट दोन वर्षांनी होत होती. मी जीव मुठीत धरून ऐकू लागले.

सासू गेल्याचं आलं. दुभती म्हैस साप चावून मेल्याचं आलं. हिरासिंगचा पाय मोडल्याचं आलं. मग लेकाचं आलं. लेक सात समुद्रांपलीकडे शिकतो, तिथे त्याला ज्वारीची भाकरी मिळत नाही, कधी येईल माझा लेक, असं ती आळवत होती. तो मेल्याचं कुठेच आलं नाही.

तिने मला सोडलं, पदराने डोळे पुसले आणि लख्ख हसली. "कवा आली बेटी? किती वाळली पाह्य! आज प्रेम्याचं नाव घेतीन म्हणे मोठे साहेब. तो नाई येऊन राह्यला, तं मीच घेतो ना त्याची डिग्री."

मी कसंबसं विचारलं, "याडी, त्याची काही खबर?"

"येते ना तो."

"कोण येतं?"

"प्रेम्या. ऐन दुपारी येते, जेवाच्या टायमाले. दारात उभा राह्यते. आत ये म्हटलं तं येत नाई. मले वाटते, तिकडं कापसाच्या जिनात लावलं त्याले कामाले. सारा रुईनं भरून येते. डोक्शावर रुई, खांद्यावर रुई. झटकत बी नाई." मग ती हळू आवाजात म्हणाली, "अन् काकडते, बेटी. बाहीर पाय पोळते अशी माती, अन् पोरगं थरथर काकडून राह्यते."

मार्चचं ऊन होतं, आणि माझ्या अंगावर काटा उभा राहिला. बर्फाचं तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिने जन्मात बर्फ पाहिला नव्हता.

"स्वप्नात दिसतो का?"

"सपनात कायले? मी भाकरी टाकत असतो. चुलीपाशी झोपतो का मी?"

"केव्हापासून येतो?"

"संकरातीपासून. माहा बाप बैलायवर माल लादून लदेणीवर जाये, तवा माह्या मायलेबी असाच दारात दिसे. मंग दोन-चार महिन्यानं खराच घरी येये. याद काढली का मानूस दिसते." ती पुन्हा हसली. "आता येईनच तो."

मी भुतंखेतं मानत नाही. तेव्हाही मानत नव्हते. पण त्या फाटकाशी मला जे वाटलं ते भीतीपेक्षा वाईट होतं. मला तिचा हेवा वाटला. मी नागपूरला खिडकीशी किती दुपारी बसले होते, पण माझ्याकडे तो एकदाही आला नव्हता.

तिला तिथेच सांगायला हवं होतं, पण तेवढ्यात दोन स्वयंसेवक आले आणि पाहुणी म्हणून तिला मानाने पुढच्या रांगेत घेऊन गेले. मी तडक सरांच्या खोलीत घुसले. बाहेर कुलगुरूंची मोटार आल्याचा गलका चालला होता.

"सर, याडीला माहीत नाही."

"काय माहीत नाही?"

"प्रेमसिंग मेला हे."

सरांचा चेहरा उतरला. "असं कसं? अगं, किती रडल्या त्या! मी डोळ्यांनी पाहिलं."

"पाहुणा आला की त्या तशाच रडतात, सर. आत्ता माझ्याही गळ्यात पडून रडल्या. तुम्ही रडणं पाहिलंत आणि सुटलो म्हणून परत आलात."

हे बोलणं त्यांना झोंबलं. पण ते वाईट माणूस नव्हते, नुसते भित्रे होते, आणि भित्र्या माणसाला नेहमी थोडा वेळ हवा असतो. "समारंभ होऊ दे," ते म्हणाले. "मग मी स्वतः सांगतो, शांतपणे. आत्ता सांगितलं तर काय होईल? कुलगुरू दारात आहेत. करारावर सह्या व्हायच्या आहेत. दरवर्षी दोन मुलं जाणार आहेत, सत्यशीला."

"पण माईकवरून तुम्ही मरणोत्तर म्हणणार ना?"

सरांनी झग्याची बाही सारखी केली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "त्यांना तो शब्द कळणार नाही."

मी त्यांना काय बोलले ते इथे लिहीत नाही. बाहेर बँड वाजू लागला. काळ्या झग्यांची मिरवणूक निघाली आणि सर तिच्यात सामील झाले.

मी मंडपात धावले. मोतीबाई पुढच्या रांगेत हेडविगबाईंचा हात हातात घेऊन बसली होती. दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नव्हतं, तरी दोघी खूश दिसत होत्या. मी मध्ये बसले आणि म्हणाले, "याडी, जरा बाहेर चल. बोलायचं आहे."

"आता? येडी का तू? माह्या पोराचं नाव घेतीन ना आता."

मी तिचा हात ओढला. तिने तो हसून सोडवून घेतला आणि पदर सारखा केला. व्यासपीठावर भाषणं सुरू झाली. दोन देशांची मैत्री झाली, ज्ञानाला सीमा नसतात हेही झालं. ऊन चढत होतं. ती दर थोड्या वेळाने कनातीच्या फटीतून सूर्य कुठे आला ते पाहत होती. मी पुन्हा दोनदा तिच्या कानाशी लागले, दोन्ही वेळा तिने मला गप्प बसवलं.

मग सर माईकशी आले. पुढच्या रांगेकडे न पाहता त्यांनी वाचलं, "कृषिविज्ञानातील पदवी, मरणोत्तर, श्री. प्रेमसिंग राठोड."

मोतीबाई ताडकन उभी राहिली. तेवढ्यात सरांनी दोन मिनिटं शांतता पाळायची विनंती केली आणि सगळा मंडप उभा राहिला. तिला वाटलं, आपल्यासाठीच उठले. तिने मागे वळून सगळ्यांना हात जोडले. कुलगुरू मान खाली घालून उभे, प्राध्यापक मान खाली घालून उभे, पोरं मान खाली घालून उभी. बँडवाल्यांनीही वाद्यं खाली ठेवली होती.

तिचं हसू हळूहळू मावळलं. तिच्या घरी मेलेल्या माणसासाठी कोणी गप्प राहत नाही, त्यामुळे ही शांतता कसली ते तिला कळेना. ती माझ्याकडे वळून कुजबुजली, "काहून चूप झाले सारे? काय चुकलं माह्यं?"

आता थांबणं पाप होतं. 'गेला' म्हटलं असतं तर तिने 'कुठं' विचारलं असतं. म्हणून मी तिच्या कानाशी तोंड नेलं आणि सरळ सांगितलं, "याडी, प्रेमसिंग मेला. संक्रांतीच्या दिवसांत. तिकडे थंडीत वाट चुकला आणि गारठून मेला."

मी तिला धरायला हात पुढे केले होते. पण ती पडली नाही आणि रडलीही नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, मग हेडविगबाईंकडे, मग व्यासपीठावरच्या झग्यांकडे. दोन मिनिटं अजून संपली नव्हती.

"साऱ्यायले ठाव होतं?"

"हो."

"अन् त्याले?"

मला समजलं नाही. ती आता कुजबुजत नव्हती. त्या शांततेत तिचा शब्द न् शब्द मंडपभर ऐकू जात होता.

"प्रेम्याले सांगतलं का कोणी? तो तं रोज येऊन राह्यला. मेलो हे ठाव असतं तं भाकरीच्या टायमाले दारात कायले येऊन उभा राह्यला असता?"

शांतता केव्हाच संपायला हवी होती, पण खाली बसायला कोणी तयार नव्हतं. हेडविगबाई डोळ्यांनीच मला विचारत होत्या, ती काय म्हणाली, काय म्हणाली. मी दुभाषी होते, पण मला ते इंग्रजीत सांगता येईना.

मोतीबाईने कनातीच्या फटीतून सूर्य पाहिला. "टाइम झाला त्याचा," ती म्हणाली आणि कनातीशी उभ्या दिराला हाक मारली. "हिरासिंग, बंडी जुप."

कोंडावार सर झगा सावरत व्यासपीठावरून खाली आले. पदवीची गुंडाळी त्यांच्या हातातच होती आणि डोळे वाहत होते. "बाई, मी येतो तुमच्यासोबत," ते म्हणाले. "माझी चूक झाली. जे काही सांगायचं असेल ते मी..."

"राहू द्या साहेब," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, घाई होती. "मायले सांगाले तुमच्याच्यानं झालं नाई. लेकाले काय सांगान तुम्ही? मीच सांगतो त्याले."

बैल जुंपेपर्यंतही ती थांबली नाही. तांड्याच्या वाटेने पायीच चालू लागली.