नडगी

महादेवीनं डाव्या पायातला बूट काढला, मोजा खाली सरकवला आणि नडगीच्या हाडावरून अंगठा हळूहळू खाली आणला. घोट्याच्या चार बोटं वर तो थांबला. तिनं ओठ दाताखाली धरला. आठ दिवसांपूर्वी वीतभर हाड दुखायचं. आता दुखणं एकाच जागी, अंगठ्याखाली मावेल एवढ्यात येऊन बसलं होतं.

मैदानावर बाकीच्या मुलींचा चौथा राउंड चालू होता. अकादमीचे शेषेराव सर शिट्टी हातात घेऊन तिच्याजवळ आले.

"काय झालं?"

"नडगी धरलीय, सर."

"नवीन पळणाऱ्याची धरतेच. चार दिवसांत सोडती. ऊठ."

ती उठली. हे चार दिवस महिना झाला तरी संपले नव्हते.

पोलीस भरतीसाठी ती लातूरला आली, त्याला चार महिने होत होते. त्याआधी तेवीस वर्षांत ती पळाली असेल तर एसटी चुकू नये म्हणून. ज्या गल्लीत अकादमी होती तिथं दोन्ही बाजूंनी मेडिकलच्या क्लासच्या पाट्या होत्या, आणि पाट्यांवर पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो. महादेवीला लेखी परीक्षेची भीती नव्हती. भीती होती ती तीन किलोमीटरची, म्हणजे साडेसात राउंडची. पण पहिल्या दोन महिन्यांत तिला पळणं चक्क आवडायला लागलं. पळताना कुणी तिला काही विचारत नव्हतं.

मग नडगी दुखायला लागली. आधी थोडं पळालं की थांबायची, नंतर थांबेनाशी झाली, आणि आता जिना उतरतानाही तिला भिंत धरावी लागे. तिनं बर्फ लावला, तेल चोळलं, डांबरी रस्ता सोडून मुरमाच्या कडेनं पळून पाहिलं. भरती अठरा दिवसांवर आली होती.

खोलीतली जोडीदारीण हुमा उदगीरची, तिच्याच अकादमीतली. त्याच दुपारी तिनं महादेवीला ओढतच डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरबाईंनी एक्स-रेचा फोटो उजेडाकडे धरला.

"हाडाला बारीक चीर गेलीय. सहा आठवडे पळणं बंद."

"अठरा दिवसांनी बंद केलं तर?"

डॉक्टरबाईंनी फोटो खाली ठेवला. "अठरा दिवसांनी बंद करायची वेळच येणार नाही. पाय आपोआप बंद होईल."

जिन्यावरून उतरताना हुमा म्हणाली, "ऐक ना गं, पुढच्या भरतीला बघ."

महादेवी भिंत धरून एकेक पायरी उतरत राहिली. पुढची भरती तिची नव्हती. राखीव जागा मिळायची ती भूकंपग्रस्ताच्या प्रमाणपत्रावर; ते घराला एक, आणि त्यावर नाव एकाच वारसाचं. भूकंपात आई गेली तेव्हा महादेवी पाच वर्षांची होती, धाकटा भाऊ अमरनाथ अकरा महिन्यांचा. नाव पोराचंच घाला, असं सगळी भावकी म्हणत असताना वडिलांनी, अप्पांनी, महादेवीचं घातलं होतं. सगळ्यांसमोर म्हणाले होते, "एक भरती हिला. न्हाई जमलं तर मग अमरनाथ."

हुमानं तिला न विचारता अप्पांना फोन केला. दुसऱ्या दिवशी दुपारी अप्पा, बसलिंगप्पा टेलर, एसटीनं आले. उजवा पाय ओढत ते दोन जिने चढले, खोलीबाहेरच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून बसले आणि काही न बोलता तिचा पाय मांडीवर घेतला. कापडातली गाठ शोधावी तशी त्यांच्या बोटांनी ती जागा शोधली. महादेवीनं पाय ओढून घेतला नाही, पण तिचे डोळे भरले.

"माझा पाय कशानं गेला, ठावं हाय का तुला?"

"भूकंपानं."

"समदे तसंच म्हणतेत. मीबी म्हणू देतो." अप्पांनी घसा साफ केला. "भूकंपानं नुसता मोडला होता. प्लास्टर घातलं. डॉक्टर म्हणले, तीन महिने पाय टेकायचा न्हाई, सरळ होतोय. बाराव्या दिवशी कळलं, छावणीतली बिनआईबापाची लेकरं लांब कुण्या संस्थेत न्यायलेत. यादीत तुमची दोघांची नावं. मी मेलो, असं धरलं होतं कुणीतरी."

"मग?"

"मग काय. दवाखान्यातनं उठलो, छावणीवर आलो. प्लास्टर वाटंतच फुटलं." त्यांनी तिच्या नडगीवरून तळहात फिरवला. "हाड एकदा वाकडं जुळलं की जुळलं. म्हणून सांगतो, पळू नगं."

"तुम्हालाही डॉक्टरांनी सांगितलं होतं. तुम्ही थांबलात?"

अप्पांनी तिचा पाय उचलून हळूच फरशीवर ठेवला.

"तुम्ही माझी लेकरं होता," ते म्हणाले. "ही नोकरी हाय."

ही नुसती नोकरी नाही, हे त्यांना कसं सांगावं ते तिला सुचेना. गावात तिची वाट पाहत होतं ते अप्पांच्या शिलाई मशीनशेजारचं स्टूल, आणि जत्रेनंतर तिला बघायला येणारे निलंग्याचे पाहुणे. अप्पा संध्याकाळच्या गाडीनं परत गेले. जाताना त्यांनी तिच्याकडून वचन मागितलं नाही, तिनंही दिलं नाही.

सतरा दिवस ती पळाली नाही. तेवढ्यानं भागेल अशी तिनं स्वतःची समजूत घातली. भरतीच्या सकाळी क्रेप बँडेज घट्ट आवळलं, दोन गोळ्या घेतल्या आणि छातीवर नंबर लावून रांगेत उभी राहिली. चार राउंड पाय तिचा नसल्यासारखा चालला. पाचव्यात ठणका परत आला. सहाव्यात, वळणावर, तुरीची वाळकी काडी मोडावी तसा आवाज झाला. तो बाहेर कुणाला ऐकू गेला नाही. ती आणखी शंभरेक पावलं गेली, एका पायावर, मग दोन्ही हात टेकून. शेवटी एका महिला पोलिसानं काखेत हात घालून तिला बाजूला ओढलं.

"वेळ किती झाला?" महादेवीनं विचारलं.

"आता वेळेचं काय करतीस, बाई?"

समोरून हुमा शेवटच्या राउंडला गेली. ती थांबली नाही, आणि थांबू नये असंच महादेवीला वाटलं.

पुढच्या महिन्यात प्रमाणपत्रावरचं नाव बदललं. संमतीच्या कागदावर महादेवीनं घरीच सही केली. अप्पांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि मशीनवर जाऊन बसले. निलंग्याचे पाहुणे आले नाहीत. पाय मोडल्याचं त्यांच्या कानावर गेलं होतं.

अमरनाथ रोज सकाळी गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर पळायला लागला. महादेवी प्लास्टरचा पाय पसरून उंबऱ्यात बसायची आणि शर्टांची काजं करायची. रस्ता घराच्या अंगावरूनच जात होता. पहिले पंधरा दिवस त्याची पावलं सारखी पडली. मग उजवं पाऊल जरा हलकं, जरा घाईत उचललेलं ऐकू यायला लागलं. एकदा तो पाण्याच्या टाकीमागं वाकून नडगी दाबताना तिला दिसला.

संध्याकाळी सांगू, असं तिनं ठरवलं. संध्याकाळी तो जेवताना तीन किलोमीटर झाले म्हणून हसून सांगत होता, आणि अप्पाही बऱ्याच दिवसांनी हसत होते. तिनं भाकरी वाढली. दुसऱ्या दिवशी ती विसरली. आपण विसरत नाही आहोत, सांगायचं टाळतो आहोत, हे तिला तिसऱ्या दिवशी सुईत दोरा ओवताना कळलं.

चौथ्या सकाळी अमरनाथ बाहेरच्या खोलीत बूट घालत होता.

"अमर, कधीपासनं दुखायलंय?"

"कुठं काय, अक्का?"

तिनं त्याच्या उजव्या नडगीकडे बोट दाखवलं. आत मशीन चालू होतं. त्यानं आवाज खाली आणला.

"आठ-दहा दिवस झाले. अप्पाला सांगू नको. तू पळलीसच की तशीच."

"हो," महादेवी म्हणाली. "बूट काढ."

"उशीर होतोय, अक्का."

त्यानं दुसऱ्या बुटाची नाडी बांधली आणि दाराशी आला. महादेवीनं दोन्ही हातांनी प्लास्टरचा पाय उचलला आणि उंबऱ्यावर आडवा ठेवला.

अमरनाथ तिथंच उभा राहिला. ओलांडून जाणं अवघड नव्हतं.