सवाल डावीकडून

“पेट्या दोन, भाऊ दोन. ह्यात येवढा इचार करन्यासारखं काय हाय, दादाभाऊ?” असं विचारून भिमाजी आबांनी उत्तराची वाट न पाहता फवारणीच्या पंपाकडे नजर वळवली.

पिंपळवंडीच्या त्या ओसरीवर सकाळपासून वाटणी चालली होती. साल शहाण्णव. पंच म्हणून आबांचं पंचक्रोशीत नाव होतं, कारण त्यांनी केलेल्या वाटणीत कोणावर अन्याय होत नसे; दोन्ही बाजूंना सारखंच वाईट वाटत असे. बैलजोडी फोडून त्यांनी भावांना एकेक बैल दिला होता. पाटा धाकट्याकडे आणि वरवंटा थोरल्याकडे गेला होता. बायकांनी ती चूक तिसऱ्या दिवशी मागच्या दाराने गुपचूप दुरुस्त करून घेतली. पुरुषांना मागचं दार नसतं. त्यांना ओसरी असते, आणि ओसरीवर पंच बसलेले असतात.

दादाभाऊंनी समजावून पाहिलं. स्टिरिओच्या पेट्या दोन दिसल्या तरी वस्तू एकच आहे; निम्मा आवाज एकीतून निघतो, निम्मा दुसरीतून, आणि दोन्ही मिळून गाणं होतं.

“मंग झालंच की,” आबा म्हणाले. “निम्मं तुला, निम्मं त्याला.”

दादाभाऊंनी वाद सोडला. ते कालव्यावर पाटकरी होते. कुकडीचं पाणी पाळीपाळीने वाटून देण्यात त्यांची नोकरी चालली होती, त्यामुळे निम्म्या-निम्म्याविरुद्ध बोलणं त्यांना शोभलंही नसतं. रिवाजाप्रमाणे थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचं. धाकट्या गोरखने दोन्ही पेट्यांकडे बराच वेळ पाहिलं. पेट्या तंतोतंत सारख्या होत्या. मग त्याने उजवी खांद्यावर घेतली आणि मागे न बघता आपल्या निम्म्या घरात निघून गेला. रिसिव्हर आणि तबकडीचं यंत्र थोरल्याकडे राहिलं, त्याबदल्यात पंप धाकट्याकडे गेला. महिन्याभरात घराच्या मधोमध चार इंची विटांची भिंत उभी राहिली.

हा स्टिरिओ घरात आला होता दोन वर्षांपूर्वी. खोडदला मोठाल्या रेडिओ दुर्बिणी उभ्या राहत होत्या, तेव्हा तिथे घोषाल नावाचे एक बंगाली इंजिनिअर राहायला होते. दिवसभर आकाशातली खरखर ऐकायची आणि संध्याकाळी खोलीवर येऊन गाणी, असा त्यांचा क्रम. कालव्याची फेरी संपवून दादाभाऊ त्यांच्या खिडकीखाली सायकल टेकवून उभे राहत. आठवडाभर हे पाहिल्यावर साहेबांनी त्यांना आत बोलावलं आणि बदली झाल्यावर तो जपानी रिसिव्हर, यंत्र, दोन पेट्या आणि चौदा तबकड्या त्यांनाच देऊन टाकल्या. त्यांच्या मते अख्ख्या तालुक्यात गप्प बसून ऐकणारा हा एकच माणूस होता. जाताना सूचनाही एकच दिली: “दोनों से बराबर दूर, बीच में बैठना. और चुप.”

दादाभाऊंनी ती सूचना सरकारी परिपत्रकापेक्षा काटेकोरपणे पाळली. ओसरीच्या आतल्या खोलीत पेट्या मांडल्या, सुतळीने अंतर मोजलं आणि जिथे ते बरोबर आलं तिथे खुर्ची ठेवून तिच्या पायांभोवती खडूने खुणा केल्या. रिसिव्हरचं बटण दाबलं की डायलमागे निळसर उजेड यायचा, सुई जराशी थरथरायची, लाकडी अंगाला हळूहळू ऊब यायची. आणि मग तो चमत्कार. आवाज पेट्यांमधून येतच नसे. तो दोन्हींच्या मधे, जिथे नुसती भिंत आणि कॅलेंडर होतं, तिथे येऊन उभा राहायचा. शेजारची साळुबाई पहिल्यांदा ऐकायला आली तेव्हा तिने कॅलेंडर उचलून मागे पाहिलं. “बाई गातीया, आनि बाई कुटं दिसंना,” म्हणत ती घरी गेली आणि पुन्हा आली नाही.

खुर्ची एकच, आणि ऐकणारे दोन. भाऊ आळीपाळीने बसत. एकजण खुर्चीत, दुसरा दाराला टेकून. गोरखची आवडती तबकडी सवाल-जवाबाची. तबकडी काढणाऱ्याने त्या काळच्या हौसेने बाई पार डावीकडे बसवली होती आणि शाहीर पार उजवीकडे. ढोलकी मधे. बाईने डावीकडून सवाल टाकायचा, ढोलकीने एक फेरी मारायची आणि शाहिराने उजवीकडून जवाब द्यायचा. बाई विचारायची:

“पाय न्हाई त्याला, परी गाव सोडून जाई,
हात न्हाई त्याला, परी दगड झिजवीत राही,
सांग शाहिरा, हे कोन?”

शाहिराने तोंड उघडायच्या आत गोरख दारातून जवाब सुरू करायचा, आणि दादाभाऊ खुर्चीतून हात वर करून त्याला गप्प करायचे. ऐकताना कोणी बोललेलं त्यांना चालत नसे.

वाटणीनंतर त्यांनी एकाच पेटीवर तबकड्या वाजवायला सुरुवात केली. नारायणगावच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याने सांगून पाहिलं, की दोन्ही बाजू एकाच पेटीत जोडून देतो, पाच मिनिटांचं काम आहे.

“नगं,” दादाभाऊ म्हणाले. “माझ्या वाट्याला जेवढं आलंय तेवढंच ऐकीन.”

दुरुस्तीवाल्याने अशी गिऱ्हाइकं पाहिली होती. तो पुन्हा कामाला लागला.

तेव्हापासून रोज संध्याकाळी दादाभाऊ सवाल-जवाबाची तबकडी लावत. डावीकडून सवाल खणखणीत येई. ढोलकी फेरी मारी. मग जवाबाच्या जागी नुसती ढोलकीच चालू राही, पाहुणा न आलेल्या घरात यजमानाने ताट पुढे-मागे सरकवत बसावं तशी. मग बाई पुढचा सवाल टाकी. जवाब काय तो दादाभाऊंना ठाऊक होता; पाण्याच्या खात्यात जन्म गेला होता. पण जवाब ठाऊक असणं वेगळं आणि मिळणं वेगळं. खुर्ची खडूच्या खुणांवरच राहिली. उजव्या पेटीच्या जागी त्यांच्या पत्नी सुंदराबाईंनी दोनदा धान्याची कोठी आणून ठेवली आणि दोनदा त्यांना ती उचलावी लागली. आवाज मात्र ते एका माणसाला लागतो त्याहून थोडा जास्तच ठेवत. भिंत चार इंचीच होती.

भिंतीपलीकडे त्या पेटीवर आधी पिठाचा डबा आला, मग गोरखच्या बायकोने, आशाने, विणलेला रुमाल आणि त्यावर टीव्ही. हे दादाभाऊंना सुंदराबाईंकडून कळायचं. दोन हजार दोन साली सुंदराबाई गेल्या, आणि बातम्याही गेल्या. गोरखने वहिनीला खांदा दिला, दहा दिवस सगळ्या पाहुण्यांचं पाहिलं. भावाशी मात्र बोलला नाही. दादाभाऊही बोलले नाहीत. सुरुवात कोणी करायची याबद्दल रिवाज काहीच सांगत नाही.

निवृत्तीनंतर घरात एक माणूस आणि एक पेटी उरली. लेक हर्षाली लोणीला दिली होती. ती म्हणायची, अण्णा, ते भंगार काढा, आमच्याकडं बघा, टीव्हीला पाच पेट्या. दादाभाऊंनी त्या पाच पेट्या एकदा ऐकल्या. पाच भाऊ असते तर काय झालं असतं, एवढाच विचार त्यांच्या मनात आला.

सुरुवात त्यांनी एकदा केली होती. दोन हजार चारच्या पावसाळ्यानंतर मागच्या उसात बिबट्या फिरत होता. संध्याकाळी गोरख गोठ्यापाशी पाठमोरा उभा दिसला. दादाभाऊंनी सगळा मान गिळला आणि हाक मारली, “गोरख, वासरू आत घे. वाघ हाय उसात.” गोरख हलला नाही. त्यांनी पुन्हा हाक मारली. गोरखने शांतपणे वैरण टाकली आणि घरात निघून गेला. वासरू वाचलं, पण तिसरी हाक कायमची गेली. त्यानंतर भिंतीपलीकडचा आवाजही चढला. गोरख बायकोशी बोलला तरी ओरडल्यासारखा बोलायचा. हे आपल्यालाच ऐकवायला चाललंय, असं समजून दादाभाऊंनी रिसिव्हरचं बटण आणखी थोडं पुढे सरकवलं.

दोन हजार सातच्या मे महिन्यात एका सकाळी गोरखच्या दाराशी टेम्पो उभा राहिला. त्याचा मुलगा ऋषी भोसरीच्या कारखान्यात होता. तो आईबापाला घेऊन चालला होता. दादाभाऊंना हे साळुबाईने सांगितलं, तेही टेम्पो आल्यावर. ते चहाची कपबशी हातात घेऊन बसून राहिले. भिंतीपलीकडे भांडी वाजत होती. मग दारात उजेड अडला. खांद्यावर पेटी घेऊन गोरख उभा होता. डोक्याचे केस सगळे गेलेले. अकरा वर्षं शेजारी राहूनही हे दादाभाऊंनी नीट पाहिलं नव्हतं.

“दादा, ही पेटी,” तो म्हणाला. टेम्पोतल्या हमालालाही ऐकू जावं असा आवाज. “तिकडं जागा न्हाई. दोन खोल्या हायेत, त्यात मान्संच उभी ऱ्हात्यात.”

“हळू बोल की. गावाला ऐकवायचंय का?”

“आं?” गोरखने पेटी खाली ठेवली आणि मान वळवून उजवा कान पुढे केला. “ह्या बाजूनं बोल. डावा पार गेलाय. ह्यो बी निम्माच ऱ्हायलाय.”

“कवापासनं?”

“झाली की चार वर्सं. मळणी मशिनीवर उभं ऱ्हाऊन ऱ्हाऊन, म्हनला डाक्टर.”

दादाभाऊंनी मनात हिशोब केला. बिबट्या तीन वर्षांपूर्वीचा. कपबशी त्यांनी खाली ठेवली.

गोरख खोलीभर बघत होता. रिसिव्हर, यंत्र, कॅलेंडर, खुर्ची. “आजून हाय तसंच,” तो म्हणाला. “आदी रोज सांजच्याला यायचा आवाज. बाईचा सवाल. मी तिकडनं जवाब द्यायचो, मनातल्या मनात. आशा म्हनायची, व्हट काय हालवताय. मला वाटायचं, एकीवर चालत न्हाई म्हनून तरी कवातरी हाक मारशील. त्येच्यासाठीच तर उचलली व्हती ही.” त्याने पेटीवर हात ठेवला. “मंग तूच बंद केलंस. चार वर्सं झाली. म्हनलं, ऱ्हायलं. दादानं नाद सोडला.”

काल संध्याकाळी लावलेली तबकडी अजून यंत्रावरच होती. दादाभाऊंनी तिच्याकडे पाहिलं आणि मग भावाच्या उजव्या कानाशी वाकले.

“व्हय,” ते म्हणाले. “बंद केलं व्हतं. तुझ्या वहिनीच्या मागं न्हाई लागायचं मन.”

गोरखने समजल्यासारखी मान हलवली. आता हे असं असेल तर त्यात कोणाचाच दोष नव्हता, आणि भोसरीला जाणाऱ्या माणसाजवळ सामान जितकं हलकं तितकं बरं.

दादाभाऊंनी पेटी तिच्या जागेवर नेली. कपाटातून तार काढली, लाल लाल जागी आणि काळी काळ्या जागी जोडली. गोरखला त्यांनी दंडाला धरून खुर्चीत बसवलं. तो “तू बस, तू बस” म्हणत होता, पण ते न ऐकता त्यांनी बटण दाबलं आणि सुई टेकवली. ढोलकीच्या पहिल्या थापेबरोबर उजव्या पेटीच्या जाळीतून बाजरीच्या पिठाचा एक लहानसा ढग बाहेर आला. अकरा वर्षांचं पीठ. दोघांनीही तो खाली बसेपर्यंत पाहिला.

बाईने डावीकडून सवाल टाकला. गोरख भुवया ताणून बसला होता. दादाभाऊंनी बटण पुढे सरकवलं. आता त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं; बाई त्याच्यापर्यंत पोचली होती, निदान तिची ढोलकी तरी. दादाभाऊ दाराला टेकून उभे राहिले आणि त्यांनी उजव्या पेटीकडे कान लावला. ढोलकीची फेरी संपली.

“पानी गं बाई, पानी,” गोरख गाऊ लागला, “डोंगरात जलमलं, शिवारात रमलं...”

तो गळा काढून, बहिऱ्या माणसाच्या दणदणीत आवाजात गात होता. शाहीर उजवीकडून काय म्हणत होता, कोणत्या सुरात म्हणत होता, यातला एक शब्दही ऐकू येत नव्हता. गोरख शाहिराच्या पुढे धावे, मग ढोलकीशी चुके, मग पुन्हा गाठे. दादाभाऊंचा हात बटणाकडे गेला. त्यांनी आवाज थोडा कमी केला, पेटीचा.

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. थोड्या वेळाने पुन्हा, जरा लांब. ऋषीने बापाला हाक मारली. गोरख डोळे मिटून पुढच्या सवालाची वाट पाहत होता, त्याला यातलं काही ऐकू आलं नाही. दादाभाऊंना सगळं आलं. ते यंत्रापाशी गेले, सुई उचलली आणि पुन्हा पहिल्या सवालावर ठेवली.