प्रायोजक: गुणा झेरॉक्स

"काका, या भिंतीला चिठ्ठ्या चिकटवल्या तर चालतील ना?" दीपेशने विचारलं, तोवर सहा चिकटवून झाल्या होत्या.

तो आणि नम्रता कल्याणहून सापगावला माझ्या घरी आले होते. त्यांचं एक सॉफ्टवेअर आहे, मराठीतल्या लिहिण्याच्या चुका दाखवणारं. फुकट आहे, कोणीही त्यात भर घालू शकतं. त्याची वेबसाइट कशी असावी हे ठरवायला म्हणे खेड्यातलं घर हवं. एका चिठ्ठीवर 'मातीशी नातं' लिहिलं होतं. ती लिहिणारा दीपेश माझ्या फरशीवर रुमाल अंथरून बसला होता.

माझी बायको अनिता मुरबाडला गुणा झेरॉक्समध्ये लोकांचे अर्ज टाइप करायची. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजून तयार करतात, त्याला आमच्याकडे राब म्हणतात. हे सॉफ्टवेअर त्याला चूक समजून 'राग' करायचं. एकदा गावातल्या पोश्याचा नुकसानभरपाईचा अर्ज तसाच तहसील कचेरीत गेला : 'माझा राग पावसात वाहून गेला.' तिथला वाचणारा कारकून त्याला म्हणाला, "बरा झाला की. आता शांत बस."

त्या दिवशी अनिताने पहिला शब्द पाठवला. मग चार वर्षं पाठवत राहिली. आषाढात ती गेली. राबाचा किस्सा तेवढा या दोघांच्या कानावर गेला होता.

दीपेशने मोठ्याने वाचलं, "प्रेरणास्थान : कै. अनिताताई, ग्रामीण भागातील एक साधी गृहिणी. वर मोठा फोटो, बाजूला हलणारी पणती."

"गृहिणी?" मी म्हणालो. "मग शब्द कोनी दिले?"

"कम्युनिटीने दिले, काका. सगळ्यात जास्त तर एका स्पॉन्सरने. त्यांना खाली प्रायोजकांत घेतलंय."

प्रायोजकांच्या चिठ्ठीवर होतं : गुणा झेरॉक्स, ११४२ शब्द.

मी हसलो. ती गेल्यापासून पहिल्यांदा, आणि तेही या शहाण्यावर.

"अरे, गुणा शब्द देनार? त्याला स्वताच्या दुकानाची पाटी धड वाचता येत नाय. दुकानाच्या खात्यातून ती धाडायची. अनिता."

नम्रताने लॅपटॉपवर पाहिलं. "सगळे शब्द दुपारी दोन ते अडीचच्या दरम्यान आलेत."

"जेवनाची सुट्टी," मी म्हणालो.

"पण रेकॉर्डमधलं नाव बदलता येत नाही हो," दीपेश म्हणाला. "आपण फोटो अजून मोठा करू ना."

"फोटो काढून टाक. ती पनती इझव. तू किती शब्द दिले?"

"मी फाउंडर आहे, काका. मी डिझाइन..."

"किती?"

"चौदा," नम्रता म्हणाली.

दीपेश चिठ्ठ्यांचा गठ्ठा नीट करू लागला.

नम्रताने प्रायोजकाची चिठ्ठी उपटली. "रेकॉर्ड राहू दे तसं. पान तर आपलंच आहे." नव्या चिठ्ठीवर तिने अनिताचं नाव लिहिलं आणि काम करणाऱ्यांत सगळ्यात वर लावलं. दीपेश दुसरा झाला.

"हुद्दा काय लिहू, काका?"

"टायपिस्ट."

तिने लिहिलं. प्रत्येकाच्या नावाखाली एक ओळ होती. 'दीपेश मांडणी पाहतात.' 'नम्रता प्रोग्राम लिहितात.'

"इथे 'अनिता शब्द देतात' लिहू," तिने हळूच विचारलं, "का 'देत होत्या'?"



मी चहाचे कप उचलून मोरीत गेलो. ते धुऊन झाले, तरी नळ चालूच ठेवला.