ऑपरेटर नाही

“आक्का, जा ना एकदाच्या,” धाकटी ओठांतल्या ओठांत पुटपुटली. मशीनच्या खडखडाटात ते पलीकडे ऐकू जाणं शक्य नव्हतं. ऐकू जावं असं तिला मनापासून वाटत होतं का, हा वेगळा प्रश्न.

काचेच्या पलीकडे आक्का उंच स्टुलावर बसली होती. एरवी आक्का बसत नसे. पण जेवणाची सुट्टी संपल्यापासून ती बसूनच होती, पायावर पाय घट्ट दाबून, नजर डोक्यावरच्या आकड्यांच्या पडद्याकडे.

दोघींची मशीनं जुळी. वरून रिकाम्या ट्यूब टाकायच्या, खालून मलम भरून, शेपूट दुमडून त्या बाहेर यायच्या. मध्ये कुठे ट्यूब तिरकी झाली की दार उघडून ती सरळ करायची. नणंद-भावजय वर्षानुवर्षं हेच करत शेजारी शेजारी उभ्या होत्या, म्हणून सगळा कारखाना त्यांना थोरली आणि धाकटी म्हणायचा. “घरी नणंद, कामावर नणंद. तुला सुट्टी असते तरी कधी गं?” असं पॅकिंगमधल्या बायकांनी विचारलं की धाकटी सांगायची, “आक्का आंघोळीला जातात तेव्हा.”

मग मशीनच्या डोक्यावर पडदे लागले. ते लावायला आलेल्या इंजिनियर मुलीला सगळे मागून मापवाली म्हणत. पोरगी चांगली होती, समजावून सांगायची. “मशीन किती वेळ चाललं, किती वेगानं चाललं, आणि त्यातला किती माल धड निघाला. हे तीन आकडे एकमेकांनी गुणायचे. येईल तो तुमचा आकडा.”

“म्हणजे तिन्ही विषयांत नव्वद-नव्वद टक्के पडले तर?” धाकटीनं विचारलं होतं.

“त्र्याहत्तर.”

“अगं बाई! आमच्या वेळी असली शाळा असती तर घरीच बसलो असतो.”

तेव्हा मापवालीसुद्धा हसली होती. नंतर कुणी हसलं नाही. दोन्ही जुनी मशीनं काढून तिथे एकच मोठं मशीन बसणार होतं आणि त्यावर एकच बाई लागणार होती. या आठवड्याच्या अखेरीस जिचा आकडा वर, ती नव्या मशीनवर. दुसरी गोदामात, खोके उचलायला. आक्काचे गुडघे खोके उचलण्यातले राहिले नव्हते. तिच्यासाठी गोदाम म्हणजे काम सोडून घरी बसणं.

“कोणीही राहिलं तरी घरातलंच माणूस की,” धाकटीचा नवरा म्हणाला आणि त्यानं पेपरात डोकं घातलं. लग्न न करता आक्का भावाकडे राहिली होती, पण भावाच्या जिवावर राहिली नव्हती. स्वयंपाकघरात तिचा आवाज चालायचा तो पगाराच्या जोरावर, हे तिला ठाऊक होतं आणि धाकटीलाही.

पण ते मशीन धाकटीला हवं होतं. लग्न झाल्यापासून ती कुणाची तरी धाकटी होती. नव्या मशीनवर एकच बाई उभी राहणार, म्हणजे थोरली-धाकटी हा विषयच संपला.

दोघींच्या मधल्या काचेचा एक जुना रिवाज होता. पाणी प्यायला, बाथरूमला जायचं असलं की बोटाच्या पेराने काचेवर दोनदा टकटक करायची. मग पलीकडची बाई दोन्ही मशीनं बघायची. हे कुणी शिकवलं नव्हतं, कुठे लिहिलं नव्हतं. बघणारं कुणी नसलं तर मशीन बंद करून जायचं आणि पडद्यावरचं बटण दाबायचं: ‘ऑपरेटर नाही’. तेवढा वेळ आकड्यातून कापला जायचा.

आज शेवटचा दिवस. सकाळी गेटपाशीच आक्का म्हणाली होती, “काच वाजवायची नाही आज. तू नाही, मी नाही. उद्या कुणी म्हणायला नको, घरातल्या घरात वाटून घेतलं म्हणून.”

“बरं.”

“बरं म्हणजे?”

“बरं म्हणजे बरं, आक्का. स्टॅम्पपेपरवर देऊ का?”

त्यात दुपारी वीज क्षणभर गेली आणि आक्काच्या पडद्यानं तो बंद वेळ तिच्याच नावावर टाकला. सगळी जेवणाची सुट्टी आक्का मापवालीपुढे उभी राहून भांडली. वेळ दुरुस्त झाला, पण डबा तसाच राहिला आणि बाथरूमही. रक्तदाबाची गोळी घेतल्यावर आक्काला सारखं जावं लागतं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. धाकटीला तर नक्कीच. गोळी रोज तीच हातावर ठेवायची.

आता आक्काचा आकडा एकानं पुढे होता. ती उठली असती तर धाकटी पुढे गेली असती. इतकं सोपं होतं.

धाकटीचा हात एकदा काचेकडे गेला. तेवढ्यात तिच्याच मशीनमध्ये ट्यूब तिरकी झाली. तिनं दार उघडलं, ट्यूब सरळ केली, दार लावलं. पुन्हा काही हात काचेकडे गेला नाही. त्यांनीच नको म्हटलंय, तिनं स्वतःला बजावलं. मी कोण मोडणारी?

आक्काच्या कपाळावर घाम होता. ओठ आत ओढलेले. धाकटी पडदा बघायची, मग आक्काला, मग पुन्हा पडदा. उठतील. आत्ता उठतील.

आणि एकाएकी आक्काची चुळबूळ थांबली. दाबून धरलेला पाय सैल पडला. चेहरा असा झाला, जसा दिवा मालवल्यावर खोलीचा होतो. निळ्या पँटवर काळपट डाग पसरला आणि स्टुलाच्या पायाशी थेंब पडू लागले. आक्कानं खाली पाहिलं नाही. तिचे हात ट्यूब टाकतच राहिले.

दूरच्या टोकाकडून सुपरवायझर आणि मापवाली येत होते. मागे ऑफिसातले दोघं. शेवटचा आकडा बघायला.

धाकटीच्या पायाशी नळ्या धुवायची बादली होती, साबणाच्या पाण्यानं भरलेली. ती उचलून धाकटी काचेला वळसा घालून पलीकडे गेली. जाताना मशीन बंद करायचंही तिला सुचलं नाही. स्टुलापाशी पोचल्यावर तिनं पाय अडखळल्यासारखं केलं आणि अख्खी बादली आक्काच्या मांडीवर ओतली.

“डोळे फुटले का गं तुझे?” सुपरवायझर धावत आला. “बंद करा! दोन्ही बंद करा! जमिनीवर पाणी आहे!”

मशीनं थांबली. त्या शांततेत पॅकिंगमधून आवाज आला, “अगं, हरायला लागली म्हणून थोरलीला बुडवली हिनं!” आणि हशा उसळला.

“हात निसटला,” धाकटी म्हणाली.

“स्वतःचं मशीन सोडून इकडे आलीस बादली घेऊन, आणि म्हणे हात निसटला!” सुपरवायझर म्हणाला. “मला शिकवतेस?”

मापवालीनं पाण्याकडे पाहिलं, आक्काकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, “आक्कांचा थांबलेला वेळ धरणार नाही मी. पाणी बाहेरून आलंय.” आणि धाकटीकडे वळून, “तुमचा मात्र धरावा लागेल. कारण दाबा.”

धाकटीनं ओल्या बोटानं ‘ऑपरेटर नाही’ दाबलं. तिचा आकडा हिरव्यातून पिवळ्यात घसरला.

“काय बघत उभ्या राहिलात सगळ्या?” आक्का स्टुलावरून उतरली. कमरेपासून पायापर्यंत निथळत होती, पण आवाज खणखणीत. “पाणीच सांडलंय ना? पुसणं आणा!”

पाळी सुटताना सुपरवायझरनं आक्काचं अभिनंदन केलं. धाकटीला म्हणाला, “तू सोमवारी गोदामात. आणि असली मनोवृत्ती तिथे चालायची नाही.”

कपडे बदलायच्या खोलीत धाकटीनं आपली जादाची पँट काढून दिली. आक्का कधी जादाचे कपडे ठेवत नसे; तिच्या अंगावर कधी काही सांडलंच नव्हतं. धाकटीची पँट तिला घोट्यांच्या बरीच वर आली.

“दुपारी काच वाजवायला हवी होतीस,” आक्का नाडी बांधता बांधता म्हणाली.

“तुम्हीच नको म्हणालात.”

“म्हणाले होते.” गाठ बसेना. तिनं ती पुन्हा सोडून बांधली.

“मी वाट बघत होते, आक्का. तुम्ही कधी उठताय याची.”

“माहीत आहे. काचेतून दिसतं मला.”

ओले कपडे धाकटीनं पिळून पिशवीत भरले. आक्कानं नको म्हटलं नाही.

गेटजवळच्या नळावर रांग होती. “काय गं धाकटे, नणंदेला न्हाऊ घातलंस म्हणे!” मागून कुणीतरी ओरडलं. आक्का गर्रकन वळली. काही बोलायला तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात धाकटीनं तिचं कोपर घट्ट धरलं आणि मान हलवली. बोलली असती तर सगळंच बोलावं लागलं असतं.

आक्कानं तोंड मिटलं. त्या आखूड पँटमध्ये ती नळाशी वाकली, ओंजळ धरली आणि पाणी पिऊ लागली. सकाळपासूनचं पहिलं. एक ओंजळ, मग दुसरी, मग किती तरी.

“आटपा की बाई, बस जाईल,” रांगेतून कुणी कुरकुरलं.

धाकटी दोन्ही पिशव्या घेऊन तिच्या पाठीशी आडवी उभी राहिली. “पिऊ दे त्यांना,” ती म्हणाली.